काड्यांच्या चोळीची साक्ष



माझ्या आजीची एक खणाची चोळी आमच्या घरी लाकडी पेटीच्या तळाशी बरीच वर्षे पडून होती. शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे ठरले, तेव्हा मला तिची आठवण झाली. काढून पाहतो, तर चोळीवर पिवळसर डाग. काखेखाली भलत्याच कापडाची पट्टी लावलेली. एका बाजूची शिवण उसवून पुन्हा घातलेली. असली मळकी, विजोड चोळी चारचौघांपुढे कशी मांडायची? मी ती साबणाच्या पाण्यात भिजत घातली, घासून डाग काढले, ती पट्टी उसवून टाकली, इस्त्री फिरवली आणि मोठ्या ऐटीत टेबलावर मांडली.

प्रदर्शन पाहायला आमची आत्या आली. तिने चोळी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "अरे, हिच्या काखेतली पट्टी कुठं गेली? तुझा बाप पोटात होता तेव्हा आईनं ती लावली होती. नवी चोळी शिवायला पैसा नव्हता. आणि हा इथला डाग माझ्या लग्नातल्या हळदीचा होता रे!"

मी काय बोलणार? आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या हातची एक ओळ आमच्या घरात नाही. तिच्या आयुष्याची जी दोन अक्षरे त्या चोळीवर उमटली होती, ती मी स्वच्छतेच्या नादात पुसून टाकली.

आज तुम्हाला सांगायची आहे ती हकीकत मात्र आपल्याकडच्या चोळीची नाही. ती आहे युरोपातील एका जुन्या वस्त्राची, आणि ते वस्त्र गोळा करून त्याचा टाका न् टाका तपासणाऱ्या माणसांची. माझी जी चूक झाली ती आपल्या हातून होऊ नये, म्हणून ही माणसे किती जपतात, आणि त्या जपण्यातून इतिहासाला काय मिळते, ते ऐकण्यासारखे आहे.

हे वस्त्र म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-फ्रान्समधल्या बायका घालीत ती ताठ, बिनबाह्यांची बंडी. इंग्रजीत तिला 'स्टेज' म्हणत. नाटकाचा स्टेज नव्हे बरं का. आधार, टेकू अशा अर्थाचा हा शब्द आहे. पुढे 'कॉर्सेट' हे फ्रेंच वळणाचे नाव रूढ झाले. आपल्याकडे ही वस्तूच नव्हती, तेव्हा तिला आपले नावही नाही. आजच्या भाषणापुरते आपण तिला काड्यांची चोळी म्हणू. काळ घेऊ साधारण १७७० ते १८०० हा. इकडे पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते आणि नाना फडणवीस कारभार पाहत होते. तिकडे १७७६ साली अमेरिकेतील वसाहतींनी स्वातंत्र्य पुकारले, आणि १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीच्या काळातली ही चोळी.

ती घालीत कशी? अंगाला लागून तागाच्या कापडाचा एक लांब, सैल झगा असे. त्यावर ही काड्यांची चोळी, आणि तिच्यावर दिसण्यासाठीचा पोशाख. चोळीचे दोन भाग पाठीमागे एका लांब नाडीने ओवून आवळीत. दोन भाग म्हणून इंग्रज लोक तिला 'स्टेजची जोडी' म्हणत, जशी आपण चपलांची जोडी म्हणतो. कमरेखाली तिला पाकळ्यांसारखे तुकडे सोडलेले असत. ते कुल्ल्यावर पसरत, त्यामुळे जड परकरांचे बंद कमरेत रुतत नसत आणि त्या घोळाचा भार चोळी थोडाफार तोलून धरी. छातीला आणि पाठीला आधार, हे तिचे पहिले काम. आणि काळाला आवडणारा आकार अंगाला देणे, हे दुसरे.

तिची बांधणी पाहिली म्हणजे गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना ती लगेच कळेल. तागाच्या जाड कापडाचे दोन किंवा अधिक थर एकावर एक ठेवायचे. त्यांवर शेजारीशेजारी समांतर टिपा घालायच्या. दोन टिपांच्या मध्ये एक अरुंद नेफा तयार होतो, पाव इंच रुंद किंवा त्याहूनही बारीक. परकराच्या नेफ्यात आपण नाडी ओवतो; इथे प्रत्येक नेफ्यात एकेक ताठ काडी सरकवायची. सगळी शिवण हातची. कित्येक नमुन्यांत एका इंचात दहा-बारा टाके भरतात. मग वरून रेशमी, लोकरी किंवा तागाचे कापड, आतून अस्तर, कडेने गोट, आणि नाडीसाठी हाताने काज केल्यासारखी भोके. एका चोळीत असे हजारो टाके. ते घालणाऱ्या बोटांची कल्पना करा!

आता या काड्या कशाच्या? इंग्रज त्यांना 'व्हेलबोन' म्हणत, म्हणजे देवमाशाचे हाड. यात दोन चुका आहेत. देवमासा हा मासा नव्हे; तो पिलांना दूध पाजणारा प्राणी. आणि ही काडी हाडाची नव्हे. काही जातींच्या देवमाशांना दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून लांब पट्ट्यांची एक झालर लोंबत असते. तोंडभर पाणी घ्यायचे, ते या झालरीतून गाळून बाहेर सोडायचे, आणि आत अडकलेले बारीक जीव गिळायचे, असा त्याचा जेवणाचा प्रकार. आपली नखे आणि गाईची शिंगे ज्या द्रव्याची असतात, त्याच जातीच्या द्रव्याच्या या पट्ट्या. उत्तर ध्रुवाकडच्या ग्रीनलंड देवमाशाच्या तोंडात एकेका बाजूला सुमारे ३०० पट्ट्या असतात, आणि सर्वांत लांब पट्टी १२-१३ फुटांपर्यंत जाते.

या पट्टीचा गुण असा, की ती बांबूसारखी उभी चिरता येते, वाकवली तर वाकते, सहसा मोडत नाही, आणि ऊब दिली की दिलेला आकार धरते. लोखंडासारखी ती गंजत नाही. म्हणून चोळी शिवणाऱ्यांना ती सोयीची. देवमाशाची शिकार मुख्यतः तेलासाठी होई. त्या तेलावर दिवे जळत. पट्ट्या हा दुसरा किमती माल. ब्रिटिश सरकारने १७४९ साली शिकारी जहाजांचे अनुदान टनामागे ४० शिलिंगांपर्यंत वाढवले होते. परिणाम काय झाला? ज्या उत्तरेकडील समुद्रात हे देवमासे कळपांनी असत, तिथले कळप उजाड झाले. बाईच्या कमरेभोवतीची चोळी हातात घेतली, तर तिचा धागा असा थेट ध्रुवाकडच्या बर्फापर्यंत जातो. गरीब घरच्या बाईला मात्र ही चैन परवडत नसे. तिच्या चोळीत बोरूसारखी कांडी किंवा वेताच्या काड्या असत. काहींच्या चोळ्या तर सरळ जाड चामड्याच्या असत, त्यांत काड्यांची गरजच नाही.

ही चोळी बनवणारा कारागीर बहुधा पुरुष असे. फ्रान्समध्ये गार्सो नावाच्या लेखकाने १७६९ साली शिंपीकलेवर एक पुस्तक छापले. त्यात बायकांच्या आणि मुलांच्या काड्यांच्या चोळ्या शिवणाऱ्या शिंप्याचे काम आकृत्यांसह दिले आहे. लंडनमध्ये १७४७ साली मुलाला कोणत्या धंद्यात घालावे याची माहिती पालकांना देणारे एक पुस्तक निघाले. त्यात म्हटले आहे की नेफ्यांत काड्या ठोसून बसवण्याला बळ लागते आणि हातही तयार लागतो. ते साधणारा माणूस एका दुकानात एखादाच सापडतो. माप घेणे, बेतणे आणि काड्या बसवणे हे काम पुरुषांचे. नेफ्यांच्या त्या लांबच लांब टिपा घालण्याचे काम पुष्कळदा बायकांच्या वाट्याला येई, आणि मजुरीही बेताचीच. दुकानाच्या पाटीवर नाव मालकाचे. टिपा घालणारणीचे नाव कुठेच नाही. तिचा टाका तेवढा राहिला.

या धंद्यातल्या एका मुलाचे नाव मात्र जगभर झाले, आणि त्याचा आपल्या महाराष्ट्राशी खरा संबंध आहे. इंग्लंडात थेटफर्ड नावाचे गाव आहे. तिथे १७३७ साली एका चोळी शिवणाऱ्याच्या घरी टॉमस पेन जन्मला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो बापाच्या हाताखाली काड्या चिरायला बसला. १७५९ साली सँडविच या गावी त्याने स्वतःचे दुकान घातले. ते काही चालले नाही. १७७४ मध्ये तो अमेरिकेत गेला. १७७६ च्या जानेवारीत त्याची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या मागणीला तिने धार आणली. मग १७९१ आणि १७९२ मध्ये त्याच्या 'राइट्स ऑफ मॅन', म्हणजे माणसाचे हक्क, या ग्रंथाचे दोन भाग निघाले. जन्माने कोणी मोठा नाही, राजाचा हक्क वंशपरंपरेने चालत येत नाही, असे त्याचे म्हणणे.

विरोधकांनी त्याला काय म्हणून हिणवावे? चोळ्या शिवणारा म्हणून! १७९३ साली गिलरे या नामांकित व्यंगचित्रकाराने एक चित्र काढले. त्यात ब्रिटानिया, म्हणजे इंग्लंड देशाची देवता, झाडाला धरून उभी आहे, आणि पेन तिला मागून पाय रोवून काड्यांच्या चोळीत आवळतो आहे. चित्रकाराला सांगायचे होते, की या शिंप्याची नवी राज्यपद्धती देशाच्या धडधाकट अंगाला काच करील. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातून आणखी एक गोष्ट टिपून घ्यावी. चोळी आवळण्याची ही खूण पाहणाऱ्या प्रत्येकाला समजत होती. घराघरातली वस्तू असल्याखेरीज ती राजकारणाच्या चित्रात येत नाही.

पेनचा तो ग्रंथ पुढे सुमारे पन्नास-पंचावन्न वर्षांनी पुण्यात एका तरुणाच्या हाती पडला. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. १८४७ च्या सुमारास त्यांनी तो वाचला, त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. शाळेला कारणे आणखीही होती. पण जोतीरावांच्या वाचनात चोळी शिवणाऱ्याच्या या मुलाचे पुस्तक होते, हे शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर सांगावे. हातात सुई धरणाऱ्यालाही विचार असतो, हे मुलांना त्यातून उमगेल.

आता तुमच्या मनातला प्रश्न. अंगाला काड्यांचा पिंजरा घालायचा आणि दोरीने आवळायचा, हा बायकांचा छळच नव्हे काय?

त्या काळीही असे म्हणणारे होते. रूसोने १७६२ सालच्या 'एमील' या ग्रंथात या चोळीवर टीका केली. झ्यॉमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७८८ साली तिच्या दुष्परिणामांवर निबंधच लिहिला. आवळल्याने फासळ्या आणि आतली इंद्रिये कशी दबतात, ते त्याने मांडले. लहान मुलांनासुद्धा पाठ सरळ राहावी म्हणून अशा चोळ्या घालीत. वीतभर लांबीच्या चोळ्या संग्रहालयांत आहेत, त्या पाहून कोणाचेही मन कळवळेल. तेव्हा वैद्यांचा राग अगदीच निराधार नव्हता.

पण लिहिणारे हे सारे पुरुष. घालणाऱ्या बाईची साक्ष कोण काढणार? इथेच जुनी चोळी उभी राहते. अभ्यासकांनी ती उलटून आतून पाहिली. कुठे अस्तर झिजून नवे घातलेले, कुठे काखेत घामाचे डाग आणि वर ठिगळ, कुठे बाजूला पट्टी घालून घेर वाढवलेला. काही चोळ्यांना मागच्या नाडीशिवाय पुढेही किंवा बगलेतही नाडी आहे. पोट वाढेल तशी ती सैल सोडता येई. जाड चामड्याच्या, पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेल्या चोळ्या मिळाल्या, म्हणजे मोलकरणी आणि कष्टकरी बायकाही ती घालीत. पाणी वाहणारी, कपडे धुणारी बाई चोळी घालून कामे करी. श्वास कोंडेल इतकी ती आवळून तिचे चालले नसते.

आणि मापाची गंमत ऐका. चोळीच्या मागच्या दोन कडा एकमेकींना भिडवून माप घेतले, की कंबर फार बारीक भरते. पण कडा नेहमी भिडवीतच असे नाही. मध्ये फट ठेवून नाडी ओवता येते. ती फट दोन बोटांची की चार, हे चोळी सांगत नाही. मग भिडवून घेतलेले माप हे वस्त्राचे झाले, बाईच्या कमरेचे नव्हे. डोरिस लँगली मूर या इंग्लिश विदुषींनी आपल्या संग्रहातील पुढच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील, पोशाखांच्या कमरा टेप लावून मोजल्या. गप्पांमध्ये ऐकू येणाऱ्या त्या मुठीत मावणाऱ्या कमरा काही त्यांना सापडल्या नाहीत. ऐकीव गोष्ट आणि टेपचे माप यांत कोणावर विश्वास ठेवायचा, हे सांगायला नकोच.

म्हणजे चोळी चांगली होती, असे मी म्हणत नाही. छळ होता असे एका दमात म्हणू नये, आणि शोभा होती असेही म्हणू नये. कोणाची चोळी, कोणत्या कामाची, किती आवळलेली, हे वस्तूला विचारावे. न्यायाधीश साक्षीदार तपासल्यावाचून निकाल देत नाही. इतिहासकाराने तरी का द्यावा?

तिचा काळ कसा ओळखतात, तेही सांगतो. नाडीच्या भोकांना धातूच्या कड्या असतील, तर ती चोळी अठराव्या शतकातली मूळची नव्हे. अशा कड्या १८२० नंतर आल्या. टाके मशीनचे असतील, तर ती आणखी अलीकडची. शिवणयंत्रे १८५० नंतरच घरोघर जाऊ लागली. समोर पोलादी पट्ट्यांची उघडझाप असेल, तर तीही एकोणिसाव्या शतकातली. शतक संपता संपता आकारही बदलला. १७८० च्या सुमाराची चोळी कमरेपर्यंत लांब, पुढे टोक काढलेली, काड्या उभ्या, तिरक्या आणि छातीवर आडव्याही. १७९० नंतर ग्रीक-रोमन मूर्तींच्या धर्तीचे पातळ झगे आले, कंबर वर सरकून छातीखाली गेली, आणि चोळ्या आखूड व हलक्या झाल्या. काड्या कमी, छातीसाठी वेगळ्या कळ्या घातलेल्या. राज्यक्रांतीच्या काळात राजे उलथले, तशी बाईची कंबरही चार-सहा इंच जागची हलली!

असे नमुने गोळा करणारे आधी कोण होते? चित्रकार! जुन्या काळातले प्रसंग रंगवायचे, तर कपडे खरे हवेत, म्हणून ते जुन्या बाजारांतून ते विकत घेत. टॅलबट ह्यूझ या चित्रकाराचा असाच मोठा संग्रह लंडनच्या हॅरड्स या दुकानाने विकत घेतला आणि १९१३ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिला. १९६३ साली बाथ या गावी, आत्ता ज्यांचे नाव घेतले त्या डोरिस लँगली मूर यांच्या संग्रहातून पोशाखांचे संग्रहालय उभे राहिले.

पण गोळा करणे वेगळे आणि अभ्यासणे वेगळे. नोरा वॉ या बाई शिवण आणि बेतकाम शिकवीत. त्यांनी संग्रहालयांतील चोळ्या मोजून त्यांचे बेत कागदावर उतरवले आणि १९५४ साली पुस्तक छापले. त्यांच्यानंतर जॅनेट आर्नल्ड यांनी जुन्या कपड्यांच्या बेतांचे पहिले पुस्तक १९६४ साली काढले आणि जन्मभर तेच व्रत चालवले. कुठली शिवण आधी घातली, कुठली नंतर, कापडाचा काठ कुठे आला, तुकडा कुठे जोडला, सारे त्या आकृतीत टिपीत. त्यांच्या पश्चात लंडनमधील एका शाळेने तेच काम चालू ठेवले, आणि २०१८ साली त्या मालेत या चोळ्यांवरचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. शिंपीकाम येणाऱ्या माणसांनी इतिहासाला दिलेली ही देणगी आहे. नुसत्या पोथीपंडिताला हे साधले नसते.

त्यांच्या कामाची रीत अशी. चोळी टेबलावर आडवी ठेवायची, खाली आम्ल नसलेला पातळ कागद. हात धुऊन कोरडे केलेले. कधीही कोणाच्या अंगावर चढवून पाहायची नाही. दोनशे-अडीचशे वर्षांचा दोरा एका हिसक्याला तुटतो. धुवायची नाही, इस्त्री नाही, उसवलेले शिवायचे नाही. आधी फोटो, मग रेखाटन, मग मापे, मग टाक्यांची मोजदाद. प्रत्येक डाग, प्रत्येक ठिगळ लिहून ठेवायचे. अंगात घातल्यावर काय वाटते हे पाहायचे असेल, तर त्या बेतावरून नवी चोळी हाताने शिवायची आणि ती घालून पाहायची. शिवायला दिवस किती लागले, वाकता येते का, ओझे उचलता येते का, याची टिपणे ठेवायची. मूळ वस्तूला हात न लावता तिचा अनुभव घ्यायचा, हा किती शहाणपणाचा मार्ग!

शत्रूही पुष्कळ. उजेडाने रेशीम विरते. दमटपणाने बुरशी येते. आणि कसर? ती नुसते लोकरीचे कापड खात नाही. देवमाशाच्या पट्ट्या शिंग-नखांच्या जातीच्या, म्हणून किडे त्याही पोखरतात. वरून चोळी धड दिसते आणि नेफ्यात भुसा उरलेला असतो. विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देवमाशांच्या रक्षणासाठी त्यांच्या अवयवांच्या व्यापारावर आता अनेक देशांत कायद्याचे निर्बंध आहेत. जुन्या वस्तूलाही तिच्या वयाचा पुरावा लागू शकतो. वस्तू कुठून आली, कोणाच्या घरची, हे लिहिलेले नसेल, तर ती अर्धी मुकी होते.

एक सावधगिरी आणखी. जे उरले तेच सारे होते, असे समजू नये. रेशमी, बारीक मापाची, फारशी न वापरलेली चोळी कपाटात टिकली. रोजची चोळी मोलकरणीकडे गेली, तिच्याकडून जुन्या बाजारात. तिथून तिच्या चिंध्या झाल्या आणि तागाच्या चिंध्यांचा त्या काळी कागद होई. गरिबाची चोळी अशी कागदात विरून गेली. तरी नशिबाने काही वाचल्या, त्याही चमत्कारिक ठिकाणी. इंग्लंडातील जुनी घरे पाडताना भिंतींत आणि धुराड्यांच्या बाजूला मुद्दाम लपवलेले जोडे आणि कपडे सापडतात, त्यांत अशा झिजलेल्या चोळ्याही निघाल्या आहेत. घराला बाधा होऊ नये म्हणून कोणी त्या तिथे ठेवल्या असाव्यात, असा तर्क आहे. मजुराला ते घाणेरडे बोचके वाटते. ते उकिरड्यावर न टाकता संग्रहालयात नेऊन देणारा मजूर हाही इतिहासाचा सेवकच म्हटला पाहिजे.

आता पुन्हा आपल्या गावी येऊ. वापरातल्या वस्तूंतून इतिहास दिसतो, हे आपल्याकडेही जाणत्यांनी ओळखले होते. पुण्यात डॉ. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी ते संग्रहालय उभे केले. पण प्रत्येक गावात केळकर कुठून आणायचे? ते काम शाळेला करता येईल.

गुरुजींनी मुलांना सांगावे: घरात जुनी चोळी, कुंची, अंगरखा, गोधडी असेल तर पाहा. धुऊ नका. ठिगळ काढू नका. सावलीत, कोरड्या जागी, स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. ती घालणाऱ्या किंवा शिवणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा आणि विचारा: हे कोणाचे? कधी शिवले? कापड कुठल्या बाजारचे? ही शिवण का उसवली? हा डाग कशाचा? उत्तर आजीच्या शब्दांत लिहा, तारीख घाला, आणि तो कागद वस्तूबरोबर ठेवा. वस्तू शाळेत आणलीच पाहिजे असे नाही. ती घरीच राहू द्या. वही मात्र शाळेत असू द्या.

थेटफर्डच्या त्या दुकानात टॉमस पेनच्या हाताखालून गेलेल्या चोळ्या कोणाच्या अंगी गेल्या, त्यांच्या टिपा कोणी घातल्या, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. विचारणारा त्या वेळी कोणी नव्हता. आपल्या घरी सांगणारी आजी अजून बसलेली आहे. माझी आत्या आता नाही. तिने त्या दिवशी सांगितलेली दोन वाक्ये मी एका चिठ्ठीवर लिहिली आणि त्या स्वच्छ, कोऱ्या झालेल्या चोळीच्या घडीत ठेवली. हळदीचा डाग गेला तो गेलाच. चिठ्ठी तेवढी आहे.